विस्कॉन्सिन, नॅमेकागन की करंट? तीन दिवसांच्या कनू सहलीसाठी नदी निवडताना

सप्टेंबरच्या सुरुवातीचा लाँग वीकेंड, तीन दिवस, दोन रात्री. चार मोठी माणसं, दोन मुलं, दोन कनू म्हणजे वल्ह्याच्या अरुंद नावा. शिकागोजवळ राहणाऱ्या माझ्या मित्राचा बेत इथवर पक्का होता, नदी तेवढी ठरत नव्हती. त्याच्यापुढे तीन नावं होती: विस्कॉन्सिन राज्यातल्या त्याच नावाच्या नदीचा खालचा टप्पा, त्याच राज्याच्या उत्तरेकडची नॅमेकागन आणि मिसुरी राज्यातली करंट. तिन्हींच्या काठी मी रात्री काढल्या आहेत आणि तिन्ही इतक्या देखण्या आहेत की फोटो बघून निवड होणारच नाही. मी त्याला म्हटलं, रात्री कुठे झोपायचंय ते आधी ठरव.

विस्कॉन्सिनवर मुक्काम वाळूत. प्रेअरी डू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीच्या संगमापर्यंत 92 मैल पुढे एकही धरण नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की रुंद पात्रात वाळूची बेटं उघडी पडतात. सरकारी मालकीच्या बेटांवर आणि पट्ट्यांवर तंबू ठोकायला पैसे पडत नाहीत, आरक्षण लागत नाही. एका जागी 3 दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही आणि काचेच्या बाटल्या नदीवर आणायच्या नाहीत, हे दोन नियम मात्र कडक आहेत. हिमयुगातल्या हिमनद्या या भागावरून फिरल्याच नाहीत, त्यामुळे दोन्ही तीरांचे उंच कडे शाबूत राहिले. 1673 मध्ये मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी याच पाण्यावरून मिसिसिपीपर्यंत पोचले. संध्याकाळी त्या कड्यांवरचं ऊन उतरत असताना मुलं वाळूत किल्ले बांधतात, आपण स्टोव्हवर पिठलं-भात टाकतो आणि आजूबाजूला दुसरा तंबू दिसत नाही. हे सुख उरलेल्या दोन नद्यांवर या प्रकारे मिळत नाही.

पण त्या बेटावर संडास नाही, नळ नाही, सावलीही बेताचीच. मलविसर्जनासाठी पिशव्या न्यायच्या आणि भरलेल्या परत आणायच्या. शेतांमधून आलेलं नदीचं पाणी मी मुलांना गाळूनही देणार नाही. माणशी दिवसाला 4 लिटर धरलं तर सहा जणांचे तीन दिवसांचे 72 लिटर होतात, म्हणजे 72 किलो ओझं. वाटेतल्या मस्कोडा गावात थांबून कॅन पुन्हा भरले तर निघताना निम्मंच न्यावं लागतं. (गावचे लोक नाव मस्कोडे असं उच्चारतात, रस्ता विचारताना उपयोगी पडेल.)

नॅमेकागनवर हा सगळा प्रश्न हलका होतो. 1968 च्या कायद्याने देशातल्या ज्या पहिल्या आठ नद्यांना संरक्षण मिळालं त्यांत सेंट क्रॉय आणि तिची ही उपनदी होती. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. आज काठावर नॅशनल पार्क सर्व्हिसने ठरवून दिलेल्या मुक्कामाच्या जागा आहेत. शेकोटीचं लोखंडी कडं असतं, बऱ्याच ठिकाणी टेबल असतं आणि मागे झाडीत साधा संडास. एका जागेवर 8 माणसं चालतात, म्हणजे सहा जणांचं कुटुंब नीट मावतं. जो आधी पोचेल त्याची जागा, त्यामुळे दुपारी तीननंतर रेंगाळू नये. नदीचं पाणी चांगल्या फिल्टरमधून घेता येतं. पात्र अरुंद, दोन्हीकडे पाइनची दाट झाडी, मधूनमधून गुडघाभर पाण्यातले छोटे खळाळ. लहान मुलाला ही नदी चालती वाटते, कारण दर वळणावर काहीतरी नवं दिसतं. डास मात्र जूनमध्ये जगू देत नाहीत, सप्टेंबर उत्तम. हेवर्डच्या वर कमी पाण्यात नाव दगडांना घासते आणि हेवर्ड, ट्रेगो इथल्या धरणांपाशी ती उचलून पलीकडे न्यावी लागते. म्हणून नवख्यांनी ट्रेगोच्या धरणाखाली सुरुवात करून सेंट क्रॉयपर्यंत जावं.

करंटचं पाणी बघून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. ओझार्क या डोंगराळ भागातली ही नदी जमिनीतून उसळणाऱ्या झऱ्यांवर वाहते. ते पाणी बारा महिने साधारण 14 अंश असतं आणि झऱ्यांमुळे ऑगस्टमध्येही नदी आटत नाही. तळाचे गोटे मोजता येतील इतकं ते स्वच्छ असतं. 1964 मध्ये करंट आणि तिची उपनदी जॅक्स फोर्क मिळून 134 मैलांचा पट्टा राखीव झाला. एकर्स ते पुलटाइट या टप्प्यात काठच्या कड्यात एक गुहा येते, केव्ह स्प्रिंग. नाव सरळ आत नेता येते. आम्ही आत शिरलो तेव्हा बाहेर 33 अंश होते. वल्हं आत घेतलं आणि पोटऱ्यांना गार हवा लागली, जणू कुणी फ्रिजचं दार उघडलं. खाली पाणी निळंकाळं होत गेलेलं. एरवी अखंड बडबडणारा माझा मुलगा कुजबुजत बोलायला लागला. मुक्काम गोट्यांच्या पट्ट्यांवर करायचा. अंथरायला जाड गादी हवी, नाहीतर सकाळी पाठ बोलते.

करंटचा दोष म्हणजे गर्दी. जून ते सप्टेंबरचा पहिला वीकेंड, शनिवार-रविवारी ट्यूब आणि राफ्ट घेऊन आलेल्या टोळ्या असतात, स्पीकर असतात, बिअर असते. शांततेसाठी जाणाऱ्याने मे, ऑक्टोबर किंवा सप्टेंबरमधला मंगळवार-बुधवार घ्यावा. शिकागोहून सात तासांहून जास्त गाडी चालवायची आणि वर ही गर्दी, हे मला पटत नाही. सेंट लुइसच्या माणसाला मात्र तीन तासांच्या आत असं पाणी आहे, त्याने दुसरीकडे बघूच नये.

आता धोक्याचं बोलू, कारण इथे तिन्ही नद्या अगदी वेगळ्या आहेत.

करंट आणि नॅमेकागनवर भीती पडलेल्या झाडांची. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह जोरात काठ कापतो, तिथलं झाड पाण्यात कोसळतं. पाणी फांद्यांमधून निघून जातं, नाव आणि माणूस अडकतात. म्हणून वळण येण्याआधीच नाव आतल्या बाजूला घ्यायची सवय लावावी. ओझार्कमध्ये पाऊस झाला तर नदी रात्रीत चढते, 2017 च्या वसंतात तर करंटकाठच्या व्हॅन ब्यूरन गावाला विक्रमी पूर आला होता. ढग दिसत असतील तर उंच जागीच तंबू.

विस्कॉन्सिनवर खळाळ नाहीत, म्हणून लोक तिला लहान मुलांची नदी समजतात. हीच समजूत जीव घेते. प्रवाह वाळू ढकलत पट्ट्याच्या खालच्या टोकाशी आणतो आणि तिथून ती खोल पाण्यात घसरते. वरच्या बाजूने चालत येणाऱ्याला घोट्याएवढं पाणी लागतं, पुढच्या पावलाला कडा संपते आणि पाणी डोक्यावर जातं. कडेवरची वाळू भुसभुशीत असते, मागे वळून पाय रोवायला गेलं की ती आणखी ढासळते. कोकणात लाट परतताना पायाखालची वाळू सरकते ती आठवा. इथे तसंच होतं, फक्त लाट परत किनाऱ्याला आणून सोडत नाही. मुलांना लाइफ जॅकेट नावेतच नाही, पाण्यात खेळतानाही, अगदी घोटाभर पाण्यातही. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

दुसरी गोष्ट, वरच्या धरणातून पाणी कमी-जास्त सोडलं जातं. एकदा पहाटे मी तंबूबाहेर आलो तर रात्री वाळूवर अर्धवट ओढून ठेवलेली कनू तरंगत होती. पाणी वीतभर चढलं होतं. एका दोरावर ती अडकून राहिली म्हणून आम्ही त्या बेटावरून उतरू शकलो. निघण्याआधी मस्कोडाच्या मोजणी केंद्राचा आकडा इंटरनेटवर बघाच. तो चढलेला असेल तर वाळूचे पट्टे पाण्याखाली असतात आणि मग सहल पुढे ढकलणंच बरं.

गाडीचा हिशेब सोपा आहे. तिन्ही ठिकाणी भाड्याने नावा देणारे तुम्हाला वर सोडतात किंवा तुमची गाडी खाली नेऊन ठेवतात. लाँग वीकेंडचं बुकिंग दोन महिने आधी करावं. मिनिआपोलिसहून ट्रेगो दोन-सव्वादोन तास, शिकागोहून विस्कॉन्सिनकाठचं स्प्रिंग ग्रीन साडेतीन. रोज 12 मैलांपेक्षा जास्त ठरवू नका. विस्कॉन्सिनवर तर नकोच, कारण नदी पश्चिमेला जाते आणि दुपारचा वारा बहुतेक वेळा तोंडावर असतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर संडास आणि टेबलापायी मी डोळे मिटून नॅमेकागन सांगतो. मित्राकडे मुलं आठ आणि अकराची, दोघंही पोहणारी, घर शिकागोजवळ. त्याने विस्कॉन्सिन घेतली: स्प्रिंग ग्रीन ते बॉस्कोबेल, साधारण 35 मैल, मध्ये मस्कोडाला पाणी भरायचं. शुक्रवारी रात्री तो पाण्याचे कॅन न्यायला घरी आला, तेव्हा मी त्याला माझा 50 फुटी दोरही दिला. कनू पूर्ण वाळूवर ओढायची आणि रात्री तंबूजवळच्या ओंडक्याला बांधायची, हे दोनदा सांगितलं.