बेथलेहेमचे ख्रिस्तजन्माचे चर्च: अर्धा दिवस पुरत नाही

वसई, मुंबई आणि गोव्याहून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांच्या कार्यक्रमात बेथलेहेमला बहुधा अर्धाच दिवस मिळतो आणि त्यातला बराचसा जन्मगुहेच्या, म्हणजे येशूचा जन्म झाल्याचे मानल्या जाणाऱ्या गुहेच्या, रांगेत जातो. या चर्चला एवढा वेळ मुळीच पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील पहिले चर्च इ.स. ३३९मध्ये समर्पित झाले. आजची वास्तू मुख्यतः सहाव्या शतकातील, बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या काळातील असून तिच्यात आजही नित्य उपासना चालते. प्रवेशाचे ‘नम्रतेचे द्वार’ जेमतेम १.२ मीटर उंच आहे. वाकून आत शिरण्यापूर्वी बाहेरची भिंत अवश्य निरखावी: वर प्राचीन दरवाजाची आडवी शिळा, तिच्याखाली क्रूसेडरांच्या (मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या) काळातील टोकदार कमान आणि कमानीच्या पोटात आजचा ठेंगणा दरवाजा, असे तीन काळांचे दरवाजे एकाच भिंतीत दिसतात.

आत मला सर्वांत मोलाचे वाटले ते मुख्य सभागृह, आणि नेमके तेच बहुतेक गट ओलांडून जातात. आमच्या गटाच्या मार्गदर्शकानेही भिंतींविषयी अवाक्षर न काढता आम्हाला थेट रांगेत उभे केले, याची खंत वाटते. गुलाबीसर दगडाच्या ४४ खांबांपैकी अनेकांवर संतांची चित्रे आहेत, लाकडी झडपांखाली जुन्या जमिनीचे मोझेइक (लहान रंगीत तुकड्यांची नक्षी) दिसते आणि वरच्या भिंतींवरील मोझेइकमध्ये बाराव्या शतकातील देवदूत जन्मगुहेच्या दिशेने पावले टाकताना दिसतात. गळक्या छपरामुळे या वास्तूची इतकी दुर्दशा झाली होती, की २०१२मध्ये जागतिक वारसा यादीत घेतानाच तिची नोंद धोक्यातील स्थळांमध्ये करावी लागली. २०१३पासूनच्या जीर्णोद्धारात छप्पर दुरुस्त झाले, शतकांची काजळी उतरली आणि गिलाव्याखाली दडलेला सातवा देवदूतही सापडला. भिंतींवरील मोझेइकमध्ये सोन्याचा वर्ख दिलेल्या काचेसोबत बसवलेले शिंपल्याचे तुकडे आता पुन्हा उजळले आहेत. हे काम अत्यंत जबाबदारीने झाले आहे. २०१९मध्ये चर्चचे नाव धोक्याच्या यादीतून निघाले.

गुहा लहान आणि अरुंद आहे. वेदीखाली येशूच्या जन्माची जागा दाखवणारा चौदा टोकांचा चांदीचा तारा असून त्याच्याभोवती १५ दिवे तेवतात: सहा ग्रीक ऑर्थोडॉक्स, पाच आर्मेनियन आणि चार कॅथलिक पंथीयांचे. येथील प्रत्येक वेदीचा, दिव्याचा आणि उपासनेच्या वेळेचा अधिकार एकोणिसाव्या शतकापासूनच्या ‘जैसे थे’ व्यवस्थेने ठरलेला आहे. ताऱ्याला स्पर्श करायला क्षणभरच मिळतो, कारण मागून रेटा असतो. मात्र शेजारच्या, काही पायऱ्या खाली असलेल्या, बाळ येशूला ठेवल्याचे मानल्या जाणाऱ्या गव्हाणीपाशी गर्दी थोडी विरळ असते. ज्यांना मनापासून प्रार्थना करायची आहे, त्यांनी तेथेच थांबावे.

लगतच्या संत कॅथरीनच्या चर्चमधून नाताळची मध्यरात्रीची मिस्सा (कॅथलिक उपासना) जगभर प्रक्षेपित होते. त्याच्याखालील गुहांपैकी एका गुहेत संत जेरोम यांनी बायबलचे लॅटिन भाषांतर केले, अशी परंपरा आहे. त्या गुहांत शांतता मिळते, म्हणून त्या वगळू नयेत.

प्रवेश विनामूल्य आहे. खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा. पायऱ्या गुळगुळीत झालेल्या असल्याने ज्येष्ठांना आधार द्यावा, आणि शक्य असल्यास बेथलेहेममध्येच मुक्काम करून, जेरुसलेमहून बस येण्यापूर्वी, सकाळी लवकर आत जावे.