व्हाइट नॉइज मशीन वापरून बघितलं: आवाज चांगला, टायमर बिनकामाचा

लहान मुलांच्या झोपेसाठी म्हणून ती गोल डबी मिळते ना, व्हाइट नॉइज (म्हणजे बाकीचे आवाज झाकणारी एकसारखी घरघर) आणि नाइटलाइट एकत्र असलेली, ती आम्ही लेकीसाठी घेतली. लेक पावणेदोन वर्षांची, रात्री उठणार हे ठरलेलंच, कधी रडत तर कधी नुसतीच कॉटला धरून उभी राहून "बाबा, बाबा" करत, आणि एकदा उठली की परत झोपायला तास-दीड तास सहज. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मित्राकडे दुसऱ्याच कंपनीचं आहे आणि त्याचीही रडगाणी हीच आहेत, त्यामुळे खाली जे लिहितोय ते घेताना काय बघायचं म्हणून कुठल्याही मशीनला लावून बघा.

आधी चांगलं सांगतो. बाहेरचे आवाज झाकायचं काम हे मशीन खरंच करतं. भांडं पडलं, दाराची कडी वाजली, वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची ओढली की पूर्वी ही ताडकन उठून बसायची, ते जवळपास बंद झालं. यात जादू काही नाही, झोपेत माणूस आवाजापेक्षा आवाजातल्या अचानक बदलाने जास्त दचकतो आणि खोलीत एकसारखी घरघर चालू असली की खुर्चीचा आवाज त्यात बुडून जातो, एवढंच. पहाटे तर फारच फरक पडला, कारण पहाटेची झोप मुळातच हलकी आणि नेमकी तेव्हाच घरात न् रस्त्यावर खुडबुड सुरू होते.

आता टायमर. याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मशीनला ३०, ६० आणि ९० मिनिटांचे टायमर आहेत, रात्रभर चालू ठेवायची सोय पण आहे पण ती अशी लपवलीये की विचारू नका, बटण दाबून धरून ठेवायचं म्हणे, आणि हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. बॉक्समधून काढलं की ३० मिनिटांवर सेट असतं, म्हणजे बहुतेक लोक तसंच वापरणार. आणि तसं वापरलं तर रात्रीच्या उठण्यावर याचा काडीचा उपयोग नाही, उलट एखादं उठणं वाढेलच.

का ते सांगतो. झोप ही काही सलग नसते. मोठ्यांची एक स्लीप सायकल, म्हणजे हलक्या झोपेतून गाढ झोपेत आणि परत हलकीत येण्याचा एक फेरा, साधारण ९० मिनिटांची, या वयाच्या मुलांची त्याहून छोटी, तासाभराच्या आसपास, आणि सायकल संपली की सगळेच जण, म्हणजे तुम्ही-मी सुद्धा, थोडेसे जागे होतो. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो, परत झोपतो, सकाळी आठवत पण नाही. पोर काय करतं तर त्या क्षणी अंदाज घेतं की झोपताना होतं तसंच सगळं आहे ना. असेल तर परत झोपतं. झोपताना बाबाच्या खांद्यावर होते आणि आता कॉटमधे एकटीच, झोपताना घरघर चालू होती आणि आता चिडीचूप, म्हणजे काहीतरी गडबड आहे, चला भोंगा लावूया. याला स्लीप असोसिएशन म्हणतात, डोळा लागताना जे सोबत असतं तेच दर वेळी जाग आल्यावर हवं असतं. म्हणून पोर रात्री अजिबात उठायलाच नको हा हट्ट चुकीचा आहे, उठणार ते उठणारच, उठल्यावर आपलं आपण परत झोपता येतं का हा खरा प्रश्न. आणि ३० मिनिटांचा टायमर काय करतो तर पहिली सायकल संपायच्या आत गप्प होतो. झोपवताना दिलेली वस्तू झोप लागल्यावर काढून घ्यायची असा हा प्रकार. टायमर ज्याने डिझाइन केला त्याला घरी लहान मूल नसणार असं माझं ठाम मत आहे.

रात्रभर चालू ठेवायला लागलो तेव्हा कुठे साडेदहा-अकराचं उठणं कमी झालं. पण मग दुसरा प्रश्न येतो, आवाज किती आणि मशीन किती लांब. हे प्लीज वगळू नका. २०१४ साली पीडियाट्रिक्स या जर्नलमधे टोरांटोच्या डॉक्टरांचा एक पेपर आला होता, त्यांनी बाळांसाठीची १४ साउंड मशीन्स फुल व्हॉल्यूमवर तपासली. ३० सेंटिमीटरवरून मोजल्यावर १४ च्या १४ मशीन्स ५० डेसिबलच्या वर गेली, आणि ५० ही हॉस्पिटलमधल्या नवजात बाळांच्या खोलीसाठी सांगितलेली मर्यादा आहे. तीन तर ८५ च्या वर, म्हणजे कारखान्यात आठ तास काम करणाऱ्या मोठ्या माणसाला कानाची काळजी घ्या सांगतात तेवढा आवाज. त्यांचा सल्ला साधा होता, मशीन किमान २०० सेंटिमीटर लांब ठेवा, आवाज कमी ठेवा आणि वेळ पण कमी ठेवा. आता शेवटचा मुद्दा माझ्या रात्रभरवाल्या मताच्या बरोबर उलटा जातो, ते कळतंय मला. आम्ही मधला मार्ग असा काढला की मशीन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, आवाज सगळ्यात खालून दुसऱ्या पायरीवर, आणि दुपारच्या झोपेला मशीन अजिबात नाही. मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या ॲपने तिच्या उशीपाशी ४५ डेसिबलच्या आसपास दाखवलं, ही ॲप्स काही अचूक नसतात पण अंदाज येतो. मोबाइल नको असेल तर कॉटपाशी उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलून बघा, मशीनमुळे आवाज चढवावा लागला तर ते मोठं आहे. हे मशीन कॉटच्या कठड्याला अडकवायला क्लिप देतात ती तर सरळ फेकूनच द्या.

आवाजांबद्दल. आत वीसेक आवाज आहेत आणि कामाचे तीनच, व्हाइट, पिंक आणि ब्राउन. व्हाइट म्हणजे टीव्हीला सिग्नल नसताना यायचा तसा स्स्स्स, कानाला जरा टोचतो. पिंक आणि ब्राउनमधे वरच्या पट्टीचा आवाज कमी होत जातो, त्यामुळे ऐकायला लांबच्या धबधब्यासारखं वाटतं, आमच्याकडे ब्राउन चालतं. पावसाचा आवाज ऐकायला छान, पण रेकॉर्डिंग छोटं आहे आणि संपून परत सुरू होताना मधे अगदी बारीक खटका येतो. दिवसा कळत नाही, रात्री दीड वाजता मला तर दर वेळी कळायचा, आणि ज्या अचानक बदलापासून वाचायला मशीन घेतलं तो बदल मशीनच करायला लागलं तर काय उपयोग. अंगाई टाइप धून लावली की बाईसाहेब उठून उभ्या राहून नाचतात. हार्टबीट वगैरे नवजात बाळांसाठी ठीक असेल.

बॉक्सवर 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' असं मोठ्ठं छापलंय, त्याच्यावर पण दोन शब्द. १९९० चा एक प्रयोग आहे, व्हाइट नॉइज ऐकवलेल्या २० बाळांपैकी १६ पाच मिनिटांत झोपली आणि न ऐकवलेल्या २० पैकी फक्त ५. भारी आहे, पण ती बाळं जन्मून काहीच दिवस झालेली होती आणि मोजलं होतं ते झोप किती पटकन लागते ते. रात्री किती वेळा उठली आणि वय पावणेदोन, हा विषयच वेगळा झाला.

नाइटलाइटला सात रंग आहेत आणि चालू केलं की आधी निळा येतो, आता याला काय म्हणायचं. मेलाटोनिन नावाचं जे झोपेचं हार्मोन असतं ते निळसर प्रकाशाने सगळ्यात जास्त दबतं. २०१८ मधे ३ ते ५ वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता, झोपायच्या आधी तासभर भरपूर उजेडात ठेवल्यावर त्यांचं मेलाटोनिन सुमारे ८८ टक्के घसरलं आणि लाइट बंद केल्यावर पाऊण तासाहून जास्त वेळ बहुतेकांचं खालीच राहिलं. तिथला उजेड खूप जास्त होता, या डबीचा मिणमिणता आहे हे मान्य, पण लाल रंग एका बटणावर मिळतोय तर निळा कशाला. पॉवरचा बारका निळा दिवा बंदच होत नाही, त्याच्यावर काळी टेप लावलीये.

क्राय सेन्सर म्हणजे रडणं ऐकून आपोआप चालू होणं, ते माझ्या शिंकेने पण चालू होतं. बंद ठेवा.

आता ज्याला मशीन काहीच करू शकत नाही ते. दाढा येत असतील तर नाही. ताप-सर्दी असेल तर नाही. आई-बाबा दिसले नाहीत म्हणून घाबरून उठलं असेल तर नाही, आणि हे या वयात भरपूर होतं. झोपेतच किंचाळणं, डोळे सताड उघडे पण आपल्याला ओळखत नाही, असं रात्रीच्या पहिल्या भागात होत असेल तर ते बहुतेक नाइट टेरर, तेव्हा हलवून उठवायच्या भानगडीत पडू नका, लागणार नाही एवढं बघत शेजारी थांबा, त्याला सकाळी काही आठवत पण नाही, आपलीच झोप उडते. आणि पोर रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत श्वास मधेच अडकल्यासारखा वाटत असेल तर मशीन-बिशीन सोडा आणि डॉक्टरांकडे जा, ते आवाजाने झाकायचं प्रकरण नाही.

आमच्या रात्रीच्या दोन-तीनच्या उठण्यावर मशीनपेक्षा दुसऱ्याच गोष्टींचा उपयोग झाला. खांद्यावर पूर्ण झोपवून ठेवण्याऐवजी पेंगत असतानाच कॉटमधे ठेवायला लागलो, पहिले काही दिवस घर डोक्यावर घेतलं तिने. रोज तोच क्रम, तोच लाल दिवा, तेच ब्राउन. कुरकुर ऐकू आली की लगेच न धावता जरा थांबायचं, बऱ्याचदा ती अर्धवट झोपेतच असते आणि आपणच जाऊन पूर्ण जागी करतो. आणि बायको न् मी रात्र वाटून घेतली, दोनपर्यंत एकाची ड्यूटी, नंतर दुसऱ्याची, ज्याची ड्यूटी नाही तो दुसऱ्या खोलीत दार लावून, म्हणजे प्रत्येकाला सलग चार-पाच तास तरी मिळतात. हे आधी करा, मग मशीन बघा.

जुना मोबाइल पडून असेल तर फुकटच्या ॲपवर ब्राउन नॉइज लावून फ्लाइट मोडवर टाका आणि काही दिवस बघा, फरक पडला तरच मशीन घ्या. घेणार असाल तर तीन गोष्टी तपासा. रात्रभर चालतं का आणि ते सेटिंग लक्षात ठेवतं का. बटणं दाबताना टुंग वाजत नाही ना, आमचं वाजतं, झोपलेल्या पोराशेजारी टुंग. आणि बॅटरी आहे का, कारण आमचं नुसतं वायरवर चालतं, वायर जेमतेम मीटरभर म्हणून एक्स्टेंशन लावावं लागलं, ते पण कॉटमधून हात पोचणार नाही असं, आणि रात्री लाइट जाऊन आली की मशीन परत निळा दिवा लावून ३० मिनिटांच्या टायमरवर सुरू होतं.