पृष्ठांचा छेद काढताना: एक्स-वाय-झेड की दंडगोलीय सहनिर्देशक?

दोन पृष्ठं कुठे छेदतात हे शोधायचं असेल, तर आकडेमोडीला हात घालण्याआधी समीकरणांत एक्स² + वाय² ही जोडी दिसते का ते बघा. दंडगोलीय सहनिर्देशकांत (आर म्हणजे झेड-अक्षापासूनचं अंतर, थीटा म्हणजे त्या अक्षाभोवतीचा कोन, आणि झेड म्हणजे उंची) ही जोडी नुसती आर² होते. जोडी नसेल आणि दोन्ही पृष्ठं तिरकी प्रतलं असतील, तर एक्स-वाय-झेडच बरं. कॉस आणि साइन आणून उगाच गुंता वाढतो.

झेड = आर² हा वाडग्यासारखा पॅराबोलॉइड आणि आर² + झेड² = ६ हा गोल घ्या. झेड + झेड² = ६, म्हणून झेड = २ किंवा −३. आर² ऋण नसतो, म्हणून −३ बाद. उरलं झेड = २ वरचं, √२ त्रिज्येचं वर्तुळ. पण खरं सांगायचं तर हे कार्टेशियनमध्येही, म्हणजे एक्स-वाय-झेडमध्येही, इतक्याच ओळींत सुटतं.

खरा फरक कळतो तो विव्हियानीच्या वक्रात. गॅलिलिओच्या या शिष्याने १६९२ मध्ये मांडलेल्या कोड्यामुळे तो प्रसिद्ध झाला. २ त्रिज्येचा गोल, आणि त्याच्या केंद्रातून जाणारी वृत्तचिती (एक्स − १)² + वाय² = १. कार्टेशियनमध्ये वाय आणि झेड दोन्हींपुढे ± येतो, म्हणजे वक्राचे चार तुकडे. दंडगोलीयमध्ये वृत्तचिती होते आर = २ कॉस थीटा; ती गोलात घातली की झेड² = ४ साइन² थीटा. आर ऋण चालवून घेतलात, तर झेड = २ साइन थीटा हे एकच सूत्र थीटाच्या पूर्ण फेरीत अख्खा वक्र काढून देतं. फार देखणं आहे हे!

आता झेड = एक्स² + वाय² आणि झेड = २एक्स हे प्रतल. इथे मी दोन्ही वापरेन. छेदाची एक्स-वाय प्रतलावरची सावली कोणती, हे कार्टेशियन लगेच सांगतं: (एक्स − १)² + वाय² = १, म्हणजे वर्तुळ. आर = २ कॉस थीटा वरून ते पटकन ओळखू येत नाही. मात्र मधल्या भागाचं घनफळ हवं असेल तर हेच रूप कामाचं: आर ० ते २ कॉस थीटा, थीटा −९०° ते ९०°, आणि उत्तर π/२.

आर² = २ आर कॉस थीटा इथे दोन्ही बाजूंना आर ने भागताना मात्र थांबा. आर = ० हे उत्तर त्यात गळतं. इथे ते थीटा = ९०° ला परत मिळतं, म्हणून निभावतं; दर वेळी मिळेलच असं नाही.