'जॉनी ट्रेमेन': पाच महिने उशाशी राहिलेली कादंबरी

मुलाच्या सातवीच्या वाचनयादीत नाव होतं म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये एस्थर फोर्ब्ज यांची 'जॉनी ट्रेमेन' घेतली. आता जानेवारी संपत आला आणि पुस्तक अजून कपाटात गेलेलं नाही. एकदा मी एकटीने वाचलं. मग मुलाबरोबर रोज रात्री थोडं थोडं, मोठ्याने. तिसऱ्यांदा गाडीत, ग्रंथालयातून घेतलेल्या ध्वनिमुद्रणावर. शिवाय दर रविवारी हुपरीला फोन लागला की मुलगा आजोबांना त्या आठवड्याची गोष्ट आपल्या मराठीत सांगायचा. इतकं वापरून झाल्यावर लिहितेय, त्यामुळे थोडं लांबेल. शेवटाबद्दलही बोलणार आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी आधी पुस्तक वाचावं.

कादंबरी १९४३ची, भर महायुद्धातली. १९४४ साली तिला न्यूबेरी पदक, म्हणजे बालपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा सन्मान, मिळालं. फोर्ब्जबाईंनी त्याआधी पॉल रिव्हियर या बॉस्टनच्या चांदीकारागिराचं चरित्र लिहिलं होतं आणि त्याला इतिहासाचं पुलित्झर मिळालं होतं. त्या अभ्यासाचा सगळा ऐवज या मुलांच्या कादंबरीत उतरलाय. गल्ल्या, धक्के, दुकानांवरच्या पाट्या, रविवारी काम केलं तर होणारी शिक्षा, काहीच उसनं वाटत नाही.

गोष्ट १७७३च्या उन्हाळ्यात सुरू होते. जॉनी चौदा वर्षांचा, लॅफमच्या चांदीच्या कारखान्यात काम शिकणारा पोरगा. हुशार, आणि त्या हुशारीचा माज असलेला. जॉन हॅनकॉक या बड्या व्यापाऱ्याचं साखरेचं भांडं वेळेत द्यायचं म्हणून तो रविवारी लपून भट्टी पेटवतो. डव्ह नावाचा दुसरा शिकाऊ पोरगा त्याची खोड मोडायला मुद्दाम तडा गेलेली मूस, म्हणजे चांदी वितळवायचं भांडं, हातात देतो. चांदी वितळून भट्टीवर सांडते आणि जॉनीचा उजवा हात तिच्यात पडतो. रविवारचं काम लपवायचं म्हणून डॉक्टरला बोलावत नाहीत. सुईण हात बांधते, आणि अंगठा तळव्याला चिकटून बसतो.

माझं माहेर हुपरीचं. वडिलांनी चाळीस वर्षं चांदीकाम केलं, पैंजण आणि जोडवी. हे पान वाचताना मी थांबले, आवाजच फुटेना. मुलाने रविवारी ते आजोबांना सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तडकलेली मूस डोळ्याला दिसत न्हाई रं बाळा, कानाला कळती. आधी टिचकी मारून ऐकायचं असतंय. त्या पोराला कुणी शिकवलंच न्हाई." कारागिराला हे पुस्तक खरं वाटलं, यापेक्षा मोठी पावती मी देऊ शकत नाही. हात गेलेला पोरगा दुकानोदुकानी काम मागत फिरतो ती प्रकरणं तर बाबांनी दोनदा सांगायला लावली.

पुढे जॉनीला 'बॉस्टन ऑब्झर्व्हर' नावाच्या छापखान्यात घोड्यावरून वर्तमानपत्रं पोचवायचं काम मिळतं. तिथे त्याला रॅब हा मित्र भेटतो. छापखान्याच्या माळ्यावर सॅम्युअल अ‍ॅडम्स, हॅनकॉक, डॉक्टर वॉरन ही लढ्याची पुढारी मंडळी गुपचूप जमतात. अमेरिकेतल्या वसाहतींवर इंग्लंडच्या पार्लमेंटने बसवलेल्या करांविरुद्धचा लढा आपल्याला इथून दिसतो, सरबराईसाठी पंच हे मद्याचं पेय तयार करणाऱ्या पोरांच्या नजरेतून.

नोव्हेंबरात मुलाने जो प्रश्न विचारला त्याने आमचे पुढचे दोन महिने खाल्ले. "आई, चहा तर स्वस्त होणार होता ना? मग भांडण कशाला?" प्रश्न बरोबर होता. चहाच्या प्रकरणाच्या सुरुवातीला फोर्ब्जबाई स्वतःच सांगतात की कर अगदी किरकोळ होता, पौंडभर वजनाला तीन पेन्स, आणि तो धरूनही चहा पूर्वीपेक्षा स्वस्तच पडला असता. लेखिका ही गोष्ट लपवत नाही, हे मला फार आवडलं. जुलमी राजा आणि उपाशी प्रजा अशी सोपी मांडणी करता आली असती, पण बॉस्टनमधलं भांडण पोटाचं नव्हतंच. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही, त्याने आपल्या खिशात हात का घालावा, एवढाच प्रश्न होता. आज तीन पेन्स निमूट दिले तर उद्या तीस द्यायलाही तोंड उरत नाही.

मुलाला हे एका दमात पटलं नाही, म्हणून कागदावर साल लिहीत गेलो. १७६५ साली स्टँप कायदा, म्हणजे छापील कागदांवरचा कर, आला, आणि वसाहतींत गदारोळ झाल्यावर १७६६ साली मागे घेतला गेला. १७६७ साली काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. १७७० साली बाकीची उठवली, चहावरची तेवढी ठेवली, आपला हक्क शाबूत आहे हे दाखवायला. मग १७७३चा चहा कायदा. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती, गोदामांत चहा पडून होता. तो थेट अमेरिकेत विकायची मुभा कंपनीला दिली. हे लिहून काढल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे चहा स्वस्त करून हक्क विकत घ्यायचा होता." मी त्यात काहीच घातलं नाही.

एक गैरसमज आमच्याकडे दोन-तीन जणांनी बोलून दाखवला, म्हणून सांगते. त्या डिसेंबरात बॉस्टनकरांनी कंपनीचा जो चहा समुद्रात फेकला तो हिंदुस्थानातला नव्हता, चीनमधला होता. आसामच्या चहाचे मळे पुढच्या शतकातले. पण कंपनी मात्र तीच, आपल्याकडची. त्याच १७७३च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पुढे गादीसाठी राघोबादादांनी मार्च १७७५मध्ये सुरतेला कंपनीच्या मुंबईकर इंग्रजांशी तह केला, आणि जेमतेम दीड महिन्याने, १९ एप्रिलला, बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. शाळेत मी या दोन गोष्टी वेगवेगळ्या इयत्तांत शिकले, कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. हा धागा कादंबरीत नाही. तो आम्हाला जेवणाच्या टेबलावर सापडला.

आम्ही बॉस्टनपासून तासाभरावर राहतो, त्यामुळे पुस्तक घेऊन फिरता आलं. ओल्ड साउथ मीटिंग हाउस वॉशिंग्टन रस्त्यावर अजून उभं आहे. १६ डिसेंबर १७७३ला तिथे सुमारे पाच हजार माणसं जमली होती. चहा घेऊन 'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबरला बंदरात आलं होतं आणि वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त व्हायचा, म्हणजे दुसरा दिवस शेवटचा. जहाजाचा मालक फ्रान्सिस रॉच गव्हर्नर हचिन्सनकडे जहाज परत न्यायची परवानगी मागायला गेला आणि रिकाम्या हाताने आला. हचिन्सनचे दोन मुलगेच कंपनीचा चहा विकायला नेमलेले होते. त्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४० पेट्या फोडल्या, सुमारे ४२ टन चहा. ओहोटी असल्याने तो बुडेचना, जहाजाच्या कडेला ढीग लागले. ज्या ग्रिफिन धक्क्यावर हे घडलं तिथे आता भराव आहे, वर रस्ते आणि इमारती. मुलगा तिथे उभा राहून पाणी शोधत होता.

आता जे खटकलं ते. पहिल्या वाचनात खटकलं नव्हतं, तिसऱ्यांदा ऐकताना कानाला लागलं. स्वातंत्र्याची एवढी चर्चा चालते त्या शहरात गुलाम आहेत. हॅनकॉकचा छोटा गुलाम जेहू पानावर येतो, मालकाने दिलेले पैसे जॉनीला देऊन निघून जातो. धोबीण लिडिया येते, मोठ्या कामी येते. पण माळ्यावरच्या बैठकांत त्यांच्याविषयी कुणाला प्रश्न पडत नाही, आणि लेखिकेलाही पडलेला दिसत नाही. फिलिस व्हीटली ही गुलाम म्हणून आणलेली कवयित्री त्याच वर्षी, त्याच गावात होती. तिच्या छापील कवितासंग्रहाच्या प्रती त्याच 'डार्टमथ'वरून आल्या. कादंबरीत तिला एक ओळ मिळायला हवी होती. दुसरं, कंपनीच्या स्वस्त चहाने डच चहाच्या चोरट्या व्यापाऱ्यांचं नुकसान होणार होतं, ही बाजू पुस्तक हलकेच ओलांडून जातं. मोठ्या मुलांशी ती बोलावी. त्याने लढ्याचं मोल कमी होत नाही, माणसं खरी होतात.

शत्रूच्या बाजूला मात्र लेखिका न्यायाने वागते. पम्पकिन नावाचा इंग्रज शिपाई पळून जाऊन शेती करायची स्वप्नं बघतो, जॉनीला आपली बंदूक देतो, पकडला जातो आणि गोळ्या घालून मारला जातो. त्या रात्री मुलगा माझ्या शेजारी येऊन झोपला. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला हे एकट्याने वाचायला देऊ नका.

प्रतीबद्दल थोडक्यात. आधी जुनी प्रत मागवली, तिच्यात मधली सोळा पानं नव्हती आणि विक्रेत्याने दाद दिली नाही, म्हणून नवी कागदी बांधणीची घेतली. चौथ्या महिन्यात पाठीचा डिंक सुटला. सुरुवातीची पन्नास पानं मुलांना जड जातात, कारखान्यातली आणि जहाजांवरची इंग्रजी जुनी आहे. आम्ही अवघड शब्द मराठीतून बोललो. ऐरण, सांडशी, मूस हे शब्द मुलाला या निमित्ताने मिळाले. भारतातल्या आठवी-नववीच्या मुलांनाही कुणी सोबत बसलं तर जमेल.

शेवट सांगते. लेक्सिंग्टनला रॅब जखमी होतो आणि मरतो. त्याची बंदूक जॉनीच्या वाट्याला येते. डॉक्टर वॉरन हात तपासून सांगतात की अंगठा कापून मोकळा करता येईल. चांदीकाम जमेल याची खात्री ते देत नाहीत, बंदूक धरता येईल एवढी देतात. जॉनीला तेवढं पुरतं, आणि पुस्तक ते अभिमानाने सांगतं. १९४३ साली मुलं आघाडीवर पाठवणाऱ्या देशात ते तसंच लिहिलं जाणार, हे कळतं. तरी मला ते पान दर वेळी जड जातं. ज्या हाताने साखरेचं भांडं घडवायचं तो हात बंदुकीसाठी सोडवला, हे कारागिराच्या घरात वाढलेलीला नुसतं आनंदाचं वाटत नाही.

हे शेवटचं प्रकरण मुलाने आजोबांना अजून सांगितलेलं नाही. गेल्या तीन रविवारी बाबांनी पहिलं हेच विचारलं, "पोराचा हात सुटला का रं?" तो म्हणतो, "सुटणार आहे, आबा," आणि घोड्याबद्दल बोलायला लागतो.