तारांगण की सायन्स सेंटर?

ठाण्याहून दोन्हीकडे जायचं तर दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरायचं, दोन्ही वरळीतच, त्यामुळे प्रवासात फरक नाही. आम्ही दोन वेगवेगळ्या रविवारी गेलो.

नेहरू तारांगण १९७७ पासूनचं. शो मराठीतही असतो म्हणून आईंना खूप आवडला, आणि लाईट हळूहळू मंद होऊन डोक्यावर एकदम हजारो तारे आले तेव्हा लेकीने माझा हात घट्ट धरला, कारण आमच्या घोडबंदरच्या गच्चीतून मोजून चार-पाच तारे दिसतात हो. पण लहान मूल अंधारात रडत असेल तर घाई करू नका. सोमवारी बंद असतं.

नेहरू सायन्स सेंटरला मात्र अख्खा दिवस काढा. बाहेर बागेत खरंखुरं मारुत विमान आहे, एचएएल या सरकारी विमान कंपनीने बनवलेलं, भारतातच विकसित झालेलं पहिलं जेट फायटर, पहिलं उड्डाण १९६१ चं. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना हवा आत घ्यायची तोंडं आहेत, मागे दोन इंजिनांची दोन नळकांडी, मुलगा वाकून वाकून बघत होता, तिथून हलेचना.

पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर मी आधी सायन्स सेंटरच म्हणेन, डबा आणि टोपी न्या. आजी-आजोबा सोबत असतील तर तारांगण, निवांत बसून बघता येतं.