बरणीवर ‘शुगर फ्री’, पण आत काय?

साध्या जॅममध्ये १०० ग्रॅमला ६० ते ७० ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं, असतात. म्हणजे २० ग्रॅमचा एक भरलेला चमचा घेतला की १२-१४ ग्रॅम गेले. लो-कार्ब आहारात, म्हणजे कार्ब मोजूनमापून कमी खाताना, दिवसाचा हिशोब २० ग्रॅमवर बांधला असेल तर निम्म्याहून जास्त एका चमच्यात संपला, आणि ५० ग्रॅमवाल्यांनाही हा चमचा जडच जातो. म्हणून मग ‘बिनसाखरेचं’ स्प्रेड शोधायला जावं, तर फळीवर सारख्याच दिसणाऱ्या तीन निरनिराळ्या वस्तू शेजारी शेजारी बसलेल्या असतात. वरचं चित्र आणि मोठी अक्षरं सोडून द्या. साखर काढली तर तिच्या जागी काय आलं, एवढंच मागच्या बाजूला शोधायचं.

पहिली जात ‘वरून साखर घातलेली नाही’ किंवा ‘फक्त फळांपासून’ असं सांगणारी. यात गोडी येते ती द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या आटवलेल्या रसातून, कधी खजुरातून. सेंट डालफूरची स्प्रेड या घराण्यातली. चवीला ही जात तिघांत सरस: फळाचा वास टिकलेला, पोत खऱ्या जॅमसारखा. पण रस आटवून उरतं काय? ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. रक्तातल्या साखरेला ते द्राक्षातून आले की पोत्यातून, याने काही फरक पडत नाही. १०० ग्रॅममागे ४० ते ५५ ग्रॅम कार्ब असलेल्या बरण्या या जातीत नेहमी दिसतात. दावा खोटा नाही, फक्त लो-कार्बवाल्यांच्या उपयोगाचा नाही. घटकांच्या यादीत पहिल्या तिघांत ‘कॉन्सन्ट्रेट’ (आटवलेला रस) दिसलं की बरणी परत फळीवर.

दुसरी जात खरोखर ‘शुगर फ्री’ छापलेली. अमेरिकेत हा शब्द लावायला एका वाढणीत (सर्व्हिंगमध्ये) ०.५ ग्रॅमपेक्षा कमी साखर हवी. युरोपीय संघात मर्यादा १०० ग्रॅममागे ०.५ ग्रॅम, म्हणजे कितीतरी कडक. फळातच साखर असल्याने युरोपातल्या फळभरल्या स्प्रेडवर हा शब्द सहसा दिसतच नाही. अमेरिकी नियमाचा हिशोब मात्र करून बघण्यासारखा आहे. वाढणी १७ ग्रॅमची धरली तर १०० ग्रॅममागे जेमतेम ३ ग्रॅम साखर बसते. स्ट्रॉबेरीत साधारण ५ ग्रॅम साखर असते, म्हणजे स्ट्रॉबेरी ६० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. ब्लूबेरीत साखर १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिथे फळ एक तृतीयांशसुद्धा नाही. घटकांत पहिलं नाव ‘पाणी’ का असतं, ते इथे कळतं.

या पाण्याला अंग यावं म्हणून पॉलिडेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन आणि डिंकासारखे पदार्थ घालतात, गोडीला सुक्रालोज. स्मकर्सची शुगर फ्री स्प्रेड या पद्धतीची. पॉलिडेक्स्ट्रोज बहुतांशी पचत नाही, ग्रॅमला सुमारे १ कॅलरी देतं, तंतूंत (फायबरमध्ये) मोजलं जातं. त्याच्याबद्दल तक्रार नाही. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र पिठूळ पदार्थापासून बनतं, झपाट्याने पचतं, आणि ‘साखर’ या रकान्यात फारसं दिसतच नाही. ते यादीत वर असेल तर ‘साखर ०’ वाचून खूश होऊ नका, ‘एकूण कार्ब’ची ओळ बघा. चमच्याला २-३ ग्रॅम निव्वळ कार्ब (एकूण कार्बमधून तंतू आणि अंगी न लागणारी गोडी वजा करून उरलेले) निघत असतील तर दिवसाला एक चमचा खपून जातो. चव? गोड लाल जेली. फळाची आठवण येईल, फळ मिळणार नाही.

तिसरी जात खरी कामाची: निम्म्याच्या आसपास किंवा अधिक फळ, आणि गोडीला एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल किंवा अल्युलोज, सोबतीला थोडं स्टीव्हिया. आइसलँडच्या गुड गुडची स्प्रेड एरिथ्रिटॉल आणि स्टीव्हियावर उभी आहेत. कंपन्या कृती बदलत असतात, त्यामुळे नाव पाठ करण्यापेक्षा दर खेपेला यादी वाचलेली बरी.

एरिथ्रिटॉल साखरेच्या ६०-७० टक्के गोड. ते बहुतेक आतड्यातून शोषलं जाऊन लघवीवाटे तसंच बाहेर पडतं, म्हणून कार्बमधून पूर्ण वजा करता येतं. त्याचे दोन दोष: जिभेवर पेपरमिंटसारखा गारवा, आणि फ्रिजमध्ये स्फटिक. थंडीत ते पाण्यात कमी विरघळतं, मग गुळगुळीत स्प्रेड आठवड्याभरात रवाळ होतं. खराब झालं समजून फेकू नका. बरणी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून ढवळलं की पूर्वपदावर येतं, अर्थात पुन्हा गार होईपर्यंत. झायलिटॉल साखरेइतकंच गोड आणि पोताला छान, पण घरात कुत्रा असेल तर ही बरणी आणूच नका. थोडं झायलिटॉलसुद्धा त्याच्या जिवावर बेततं. माल्टिटॉलची चव हुबेहूब साखरेची, म्हणून उत्पादकांचं लाडकं. पण त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती वाढते त्याचं माप) ३५ च्या आसपास आहे आणि पाकाच्या रूपात आणखी वर. ते पूर्ण वजा करणं ही स्वतःचीच फसवणूक, निम्मं धरा. जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात. अल्युलोज सगळ्यांत उजवं: गारवा नाही, स्फटिक सहसा होत नाहीत, ग्रॅमला ०.४ कॅलरी. अमेरिकेत २०१९ पासून ते ‘एकूण साखर’मध्ये धरत नाहीत, पण ‘एकूण कार्ब’मध्ये मोजतात. त्यामुळे आकडा घाबरवणारा दिसतो आणि वजाबाकी हाताने करावी लागते.

वजाबाकीचा विषय निघालाच आहे तर सगळ्यांत महागात पडणारी चूक. अमेरिकी लेबलवर एकूण कार्बमध्ये तंतू धरलेले असतात, ते वजा करायचे. युरोपीय लेबलवर कार्बच्या आकड्यातून तंतू आधीच काढलेले असतात. तिथे पुन्हा वजा केले तर कागदावर १ ग्रॅम आणि पोटात ४. शिवाय वाढणीमागे ०.५ च्या खालचा आकडा अमेरिकेत ‘०’ लिहायला मुभा आहे. शक्य असेल तिथे १०० ग्रॅमचा रकाना वाचा.

फळ कोणतं, यानेही हिशोब हलतो. तंतू वजा करून १०० ग्रॅममागे ब्लॅकबेरीत ४-५ ग्रॅम, रास्पबेरी आणि स्ट्रॉबेरीत साडेपाच-सहा, जर्दाळूत ९, ब्लूबेरीत १२, आंब्यात १३, द्राक्षात १७. रास्पबेरीची आंबट धार कृत्रिम गोडीची मागची कडवट चव झाकते, म्हणून बिनसाखरेच्या प्रकारात तीच बहुधा सगळ्यांत चांगली लागते. सुक्या अंजिराचं किंवा खजुराचं स्प्रेड कितीही ‘नैसर्गिक’ असो, तो या यादीतला पदार्थच नाही.

साखर नुसती गोड करत नाही; ती जॅम घट्टही करते आणि टिकवतेही. म्हणून उघडलेली बिनसाखरेची बरणी बाहेर ठेवली तर काही दिवसांत बुरशी येते. पोटॅशियम सॉर्बेट हे टिकाऊपणाचं रसायन असलं तरी फ्रिजमध्येच ठेवायची, कोरडा स्वच्छ चमचा वापरायचा आणि तीन-चार आठवड्यांत संपवायची. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं खाणं इथे चालत नाही. बरणीत पाणी सुटणं मात्र दोष नव्हे; ढवळून घ्यावं.

मनासारखी बरणी मिळाली नाही तर घरी अर्ध्या तासाचं काम आहे. २५० ग्रॅम रास्पबेरी (गोठवलेली चालते) मध्यम आचेवर ५ ते ७ मिनिटं, फळ फुटेपर्यंत शिजवा आणि चमच्याने ठेचा. आच बंद करून १ मोठा चमचा लिंबाचा रस आणि ४० ग्रॅम अल्युलोज घाला. एरिथ्रिटॉल घेतलं तर ३० ग्रॅमवर थांबा आणि उरलेली गोडी स्टीव्हियाने भागवा, म्हणजे रवा धरणार नाही. कोमट झाल्यावर २५ ग्रॅम चिया भुरभुरत घाला, पाच मिनिटांनी पुन्हा ढवळा. हे दुसरं ढवळणं चुकवलं की तळाशी गोळे बसतात. तासाभरात घट्ट होतं. २० ग्रॅमच्या चमच्याला साधारण १ ग्रॅम निव्वळ कार्ब पडतो.

स्ट्रॉबेरी पाणचट असते, तिला ३-४ मिनिटं जास्त आटवा. पातळ राहिलं म्हणून चिया वाढवत गेलात तर गोंद होतो. चियाच्या बिया दातांत नको असतील तर पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळांतला पदार्थ) वापरा, पण ‘लो-मेथॉक्सिल’ लिहिलेलंच. नेहमीच्या जॅमचं पेक्टिन ५५ टक्क्यांच्या वर साखर असल्याशिवाय जमत नाही, कितीही उकळा. लो-मेथॉक्सिलला साखर नको, कॅल्शियम हवं. त्याची पुडी सोबत येते. ती न घालता ‘सेट झालं नाही’ म्हणणारे बरेच आहेत. घरचं स्प्रेड फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. जास्त केलं असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा आणि लागेल तसा एक-एक तुकडा आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा.