कंपोस्टेबल पिशवी: बायोगॅसच्या टाकीत की खताच्या ढिगात?

शेजारच्या सोसायटीत ओला कचरा कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्यांत जमतो. आता तो बायोगॅसला द्यायचा की खताला, यावर कमिटीचं घोडं अडलंय. पिशवीवरचं हिरवं पान तूर्त बाजूला ठेवू.

आधी वेळ. टाकीत शिळी पोळीभाजी साधारण 15 ते 30 दिवस राहते आणि तेवढ्यात तिचा बराचसा गॅस होतो. पिशवीचं तसं नाही. बऱ्याच पिशव्या पीबीएटी (लवचीक, कुजू शकणारं प्लास्टिक), पीएलए (मक्यासारख्या पिकांपासूनचं प्लास्टिक) आणि स्टार्चच्या मिश्रणाच्या असतात. 35-37 अंशांवर, हवेविना, स्टार्च पचतो, पीएलए रेंगाळतं, पीबीएटी जवळपास तसंच राहतं. 55 अंशांच्या टाकीत पीएलए वेग घेतं, तरी महिना अपुराच. पीएचए (जिवाणूंनी बनवलेलं प्लास्टिक) मात्र हवेविनाही पचतं, मिथेन देतं. पण ते महाग. आणि प्रमाणपत्राचं म्हणाल, तर आयएसओ 17088 या कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणी हवेशीर खतातली, सुमारे 58 अंशांवरची, 180 दिवसांपर्यंतची. पिशवी टाकीत पचेल का, हे ती सांगत नाही!

त्रासही टाकीतच जास्त: चिंध्या ढवळणीच्या पात्यांना गुंडाळतात, पंप तुंबतो. खतात उरलेले तुकडे चाळून पुन्हा ढिगात टाकता येतात. अर्थात खतातून गॅस मिळत नाही, आणि बाल्कनीतला ड्रम 58 अंश गाठत नाही.

गॅस हवा असेल तर कचरा सुटा, बादलीतूनच द्या. पिशवी सोडवत नसेल तर मोठ्या, तापणाऱ्या खतप्रकल्पाला द्या. घरच्या ड्रमवाल्यांनी पिशवीऐवजी तळाला वर्तमानपत्र घालावं.